ग्वादारामाच्या खडकांवरची गंधखूण: एका पहाडी सरड्याचा प्रकरण अभ्यास

माद्रिदच्या उत्तरेला सिएरा दे ग्वादारामा ही डोंगररांग आहे. पेन्यालारा हे तिचं सर्वांत उंच शिखर 2,428 मीटरवर. पाइनची जंगलं मागे पडली की मोठमोठे धोंडे, खुरटी झुडपं आणि गवताचे पट्टे सुरू होतात. इबेरोलासेर्टा सिरेनी हा सरडा या वरच्या पट्ट्यात राहतो. मध्य स्पेनमधल्या मोजक्या डोंगररांगा सोडल्या तर तो जगात इतरत्र कुठेही सापडत नाही. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत जेमतेम सात-आठ सेंटिमीटरचा जीव. थंडीचे महिने खडकांच्या फटींत काढायचे, बर्फ वितळलं की मे-जूनमध्ये जोडीदार गाठायचा, मादीने जुलैच्या सुमारास अंडी घालायची आणि पुन्हा थंडी पडायच्या आत अंगात चरबी साठवायची. हाताशी वेळ फार थोडा असतो.

एवढ्या थोड्या वेळात मादी नर कसा निवडते? नर दिसायला देखणा असतो. वयस्क नराची पाठ हिरवीगार, कुशीवर निळे ठिपके. पण धोंड्यांच्या त्या पसाऱ्यात तो दर वेळी नजरेला पडेलच असं नाही. तो जिथून गेला तिथे मात्र त्याच्या मांडीतला स्राव दगडाला लागलेला असतो. त्या स्रावातून मादीला काय कळतं आणि जे कळतं ते खरं असतं का, हा या प्रकरणाचा विषय आहे. माद्रिदच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या होसे मार्तीन आणि पिलार लोपेस यांनी सहकाऱ्यांसह वर्षानुवर्षं या एका जातीचा पिच्छा पुरवला. मला या कामाचं मोल वाटतं ते असं, की पिंजऱ्यात मिळालेल्या उत्तरावर ते थांबले नाहीत. तोच प्रश्न घेऊन ते शेवटी डोंगरावर गेले.

आधी हा स्राव नीट पाहायला हवा. नराला हलक्या हाताने उलटा धरला की मागच्या दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूने छिद्रांची एक ओळ दिसते. विणीच्या हंगामात प्रत्येक छिद्रातून मेणासारखा एक बारीक खुंट बाहेर आलेला असतो, कंगव्याचे दात असावेत तशी त्यांची रांग. हा पदार्थ पाण्यासारखा पातळ नसतो. छिद्राच्या मागे कातडीत ग्रंथी असते आणि तिच्यातल्या पेशीच्या पेशी फुटून हा स्राव तयार होतो. म्हणजे जितका स्राव हवा तितक्या पेशी नव्याने घडवाव्या लागतात. टेस्टोस्टेरॉन वाढलं की ग्रंथी जोमाने काम करते, विणीचा हंगाम सरला की मंदावते. मादीलाही छिद्रं असतात, पण बारीक, आणि त्यातून फारसं काही बाहेर येत नाही. नर चालतो तेव्हा मांडी दगडाला घासते आणि खुंटाचा कण दगडावर राहतो.

ही छिद्रं आपल्याकडच्यांना परकी नाहीत. रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात खिडकीच्या काचेवर किडे टिपणारी पाल पलीकडच्या बाजूने पाहा. नर असेल तर मांड्यांपासून मधल्या भागापर्यंत ठिपक्यांची रेघ स्पष्ट दिसते. सह्याद्रीतल्या पालींच्या नव्या जातींची वर्णनं ज्यांनी चाळली आहेत त्यांना ठाऊक असेल, नराची छिद्रं किती आणि ती सलग आहेत की मध्ये खंड आहे, यावर जात ओळखण्याचा बराच भार असतो. माळरानावरच्या गवतातून सुळकन निघून जाणारा, साप पाहतो तशा न मिटणाऱ्या डोळ्यांचा ऑफिसॉप्स हा सरडा तर ग्वादारामाच्या सरड्याच्याच कुळातला, आणि त्याच्याही मांडीला छिद्रं असतात. उलट कुंपणावर मान वरखाली करणारा आपला नेहमीचा सरडा किंवा सातारा भागातल्या पठारांवर गळ्याचा रंगीत पंखा उघडणारा सरडा यांना ती नसतात. त्यांचा सगळा व्यवहार डोळ्यांवर चालतो. छिद्रं मोजायची सवय आपल्या अभ्यासकांना आहेच. त्यातून बाहेर येणारा पदार्थ काय काम करतो हे समजायला ग्वादारामाचं प्रकरण फार उपयोगी पडतं.

या स्रावात प्रथिनं असतात आणि मेद असतात. मेदांमध्ये कोलेस्टेरॉल आणि त्याच्या जातकुळीतले स्टेरॉइड, मेदाम्लं, लांब साखळीची अल्कोहोलं, मेणं. यातलं बहुतेक काही हवेत सहज उडत नाही. त्यामुळे हा वास वाऱ्यावर दूरवर जात नाही, दगडापाशी यावं लागतं. सरडा जवळ येतो, जीभ बाहेर काढून दगडाला टेकवतो, आत घेतो. जिभेवर आलेले रेणू टाळूतल्या जेकबसनच्या अवयवाकडे जातात आणि तिथे त्यांची पारख होते.

म्हणूनच या क्षेत्रातली सगळ्यात साधी चाचणी जिभेवर बेतलेली आहे. लांब काडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, त्यावर स्राव टेकवायचा आणि सरड्याच्या नाकासमोर अगदी जवळ धरायचा. मिनिटभरात जीभ किती वेळा बाहेर आली आणि पहिल्यांदा यायला किती वेळ लागला हे मोजायचं. तुलनेसाठी दुसऱ्या काडीवर नुसतं पाणी. पाण्यापेक्षा स्रावाकडे जीभ जास्त वेळा गेली तर सरड्याला फरक कळला एवढं नक्की. चाचणी दिसायला किरकोळ आहे, पण तिची मर्यादा लक्षात ठेवली तर ती भक्कम आहे. जीभ जास्त हलली म्हणजे ‘कळलं’. ‘आवडलं’ असा त्याचा अर्थ होत नाही. आवड तपासायला वेगळा प्रयोग लागतो. मार्तीन-लोपेस यांच्या कामात हे दोन प्रयोग वेगवेगळे ठेवलेले दिसतात, आणि पुढचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

नरानरांमधला व्यवहार आधी घेऊ, कारण माद्यांच्या निवडीचं अंगणच तिथे आखलं जातं. या नरांच्या हद्दी काटेकोर कुंपण घातल्यासारख्या नसतात, त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. शेजाऱ्याशी रोज गाठ पडणार. रोज भांडायचं तर किडे कधी पकडायचे आणि अंग कधी शेकायचं? चाचण्यांमध्ये दिसलं की ओळखीच्या नराचा वास आणि अनोळखी नराचा वास यांतला फरक नरांना कळतो. अनोळखी वासाकडे जीभ जास्त जाते. याच कुळातल्या भिंतींवर राहणाऱ्या पोदार्सिस सरड्यांवर या दोघांनी केलेल्या कामात, प्रतिस्पर्धी वासावरून ओळखीचा निघाला तर मारामारी सौम्य होते असंही आढळलं. म्हणजे खडकावरचा तो कण शेजारधर्म सांभाळायलाही उपयोगी पडतो. स्रावातल्या कोलेस्टेरॉलचं प्रमाण नराच्या झुंजीच्या ताकदीशी जोडलेलं असू शकतं असं त्यांनी 2007 मध्ये मांडलं, आणि नुसत्या वासावरून प्रतिस्पर्ध्याचा अंदाज घेता येणं हा दोघांच्याही फायद्याचा भाग आहे. जखम झालेला सरडा उन्हाळ्यातले मोलाचे दिवस गमावतो.

आता माद्या. इथे पहिलं ठोस पाऊल 2000 साली पडलं. पिंजऱ्यात शोषक कागद अंथरून नरांना त्यावर राहू द्यायचं, म्हणजे त्यांचा वास कागदात उतरतो. मग नर बाजूला काढायचे आणि दोन वेगळ्या नरांचे कागद मादीसमोर ठेवायचे. ती कुठल्या कागदावर जास्त वेळ थांबते हे ठरावीक अंतराने टिपायचं. नर समोर नाही, त्याचा रंग दिसत नाही, हालचाल दिसत नाही. फक्त वास. ज्या नरांच्या डाव्या-उजव्या मांडीवरच्या छिद्रांची संख्या सारखी होती त्यांच्या कागदावर माद्या जास्त थांबल्या. पुढे 2003 मध्ये दिसलं की तरुण नरांपेक्षा वयस्क नरांचे वास त्यांना पसंत पडतात. डोंगरावर काही वर्षं जगून दाखवलेला नर त्यांना हवा, असा याचा सरळ अर्थ लावता येतो.

पण वासातलं नेमकं काय ओळखलं जातं? त्यासाठी रसायन पाहावं लागलं. छिद्राभोवती हळूच दाब देऊन खुंट काचेच्या कुपीत घ्यायचा, झाकण टेफ्लॉनचं, कारण साध्या प्लास्टिकमधून परके रेणू मिसळतात. सोबत एक रिकामी कुपीही तशीच हाताळायची, म्हणजे हातातून किंवा हवेतून काही आलं असेल तर कळतं. मग गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने घटक वेगळे करायचे. या पृथक्करणातून दोन स्टेरॉइड पुढे आले: अर्गोस्टेरॉल आणि डीहायड्रोकोलेस्टेरॉल. दोन्ही ड जीवनसत्त्वाच्या आधीच्या पायरीवरचे पदार्थ. डीहायड्रोकोलेस्टेरॉल तर आपल्याही कातडीत असतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचं ड3 बनतं. अर्गोस्टेरॉलपासून ड2 बनतं, आणि ते मुळात बुरशीत आढळतं, त्यामुळे ते सरड्याला अन्नातूनच मिळवावं लागतं.

त्याच सुमारास नरांची रोगप्रतिकारशक्ती तपासली गेली. पायाच्या तळव्यात एका वनस्पतिजन्य प्रथिनाची सूक्ष्म सुई टोचायची आणि किती सूज येते ते मोजायचं. सूज जास्त म्हणजे पेशींचा प्रतिसाद जोरकस. ज्या नरांचा प्रतिसाद जोरकस त्यांच्या स्रावात या दोन स्टेरॉइडांचं प्रमाण जास्त निघालं.

माझ्या मते या प्रकरणाचा कणा इथे आहे. ड जीवनसत्त्व हाडांना लागतं, कॅल्शियमच्या व्यवहाराला लागतं, प्रतिकारशक्तीला लागतं. म्हणजे नर दगडाला जे पुसून टाकतो आहे ते त्याच्या स्वतःच्या अंगाला हवं असलेलं द्रव्य आहे. अशक्त नराने हाच वास उसना आणायचा म्हटलं तर त्याला आपल्या शरीराच्या गरजेतून ते काढावं लागेल. ज्याच्याकडे पुरून उरतं तोच ते मोकळेपणाने खर्च करू शकतो. इस्रायली जीवशास्त्रज्ञ अमोत्झ झहावी यांनी 1975 मध्ये मांडलं होतं की महागडी खूण हीच विश्वासार्ह खूण. मोराच्या पिसाऱ्याच्या बाबतीत ते पटकन पटतं, कारण पिसारा डोळ्यांना दिसतो. इथे तेच तत्त्व एका अदृश्य कणात दिसतं, आणि खर्च कशाचा होतो आहे त्या पदार्थाचं नावही सांगता येतं. पिसाऱ्याच्या अभ्यासात इतकी नेमकी गोष्ट सहसा हाती लागत नाही.

तरी सूज आणि स्टेरॉइड सोबत वाढलेले दिसले म्हणजे एकामुळे दुसरं झालं असं सिद्ध होत नाही. म्हणून पुढचा प्रयोग आवश्यक होता आणि तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. काही नरांना खाण्यासोबत ड जीवनसत्त्वाची जादा मात्रा दिली, काहींना दिली नाही. ज्यांना मिळाली त्यांच्या स्रावात डीहायड्रोकोलेस्टेरॉलचं प्रमाण वाढलं. माद्यांनी त्यांच्याच वासाच्या जागा पसंत केल्या. नर तेच होते, त्यांचं वय आणि आकार बदललेला नव्हता. बदललं होतं ते पोटात गेलेलं एक द्रव्य, आणि मादीची निवड त्यामागोमाग बदलली. अन्नापासून स्रावापर्यंत आणि स्रावापासून निवडीपर्यंत साखळी जोडली गेली.

2010 मध्ये या साखळीला आणखी एक कडी मिळाली: ओलेइक आम्ल. हे साध्या चरबीतलं मेदाम्ल. नराच्या अंगातला चरबीचा साठा चांगला असेल तर त्याच्या स्रावात ते जास्त उतरतं, आणि जादा ओलेइक आम्ल मिसळलेला वास माद्यांना अधिक ओढून घेतो. यावरून मला असं वाटतं की या खुणेत एकाच गोष्टीची माहिती नाही. प्रतिकारशक्ती एका घटकातून, खाण्यापिण्याची स्थिती दुसऱ्यातून, झुंजीची ताकद तिसऱ्यातून. एकाच नराच्या खुणेतून शेजाऱ्याला एक गोष्ट हवी असते आणि मादीला दुसरी, आणि दोघांना आपापलं मिळतं.

इथवरचं बहुतेक सगळं मात्र पिंजऱ्यात आणि कागदावर. डोंगरावर वारा असतो, ऊन असतं, इतर दहा नरांच्या खुणा असतात, गारवा असतो, शिकारी असतात. तिथे मादीला या कणांकडे लक्ष द्यायला सवड असते का? वासांवरच्या कामाबद्दल ही शंका नेहमी घेतली जाते आणि ती रास्त आहे. मार्तीन आणि लोपेस यांनी तिला थेट उत्तर द्यायचं ठरवलं. त्यांनी अर्गोस्टेरॉल घेऊन ते डोंगरावर, नरांच्या हद्दीतल्या खडकांवर लावलं, आणि ज्या हद्दींत ते लावलं नव्हतं त्यांच्याशी तुलना केली. कुठल्याही नराला पकडून काही खाऊ घातलं नाही, त्याच्या अंगात काही बदल केला नाही. फक्त त्याच्या जागेतला खडक बदलला.

2012 मध्ये निकाल छापून आला. ज्या हद्दींत अर्गोस्टेरॉल लावलं होतं तिथे माद्यांची घनता वाढली आणि नरांच्या जोडीने दिसणाऱ्या माद्याही जास्त निघाल्या. एकच शुद्ध रसायन, खडकावर लावलेलं, आणि त्याने उघड्या डोंगरावर माद्यांचं राहण्याचं ठिकाण बदललं. सरड्यांच्या बाबतीत इतका स्वच्छ मैदानी पुरावा मिळणं ही मोठी गोष्ट आहे. मला तर यातली सर्वांत सुंदर बाजू ही वाटते की नराच्या ‘गुणवत्तेचा’ प्रश्नच त्यांनी बाजूला काढला. नर होता तोच राहिला, तरी त्याच्या वाट्याला माद्यांचा सहवास जास्त आला. खूण स्वतःच्या बळावर काम करते, हे असं दाखवता आलं.

त्याच कारणाने इथे थोडं थांबून हिशोब मांडायला हवा. नराजवळ मादी दिसणं म्हणजे पिल्लांचं पितृत्व नव्हे. मादी एका नराच्या हद्दीत राहील आणि दुसऱ्याशीही मीलन करील, हद्दी एकमेकींवर चढलेल्या असताना हे अवघड नाही. खडकावरची खूण मादीला परिसरात आणते, तिथे राहायला लावते. त्या पुढे नराचा आकार, रंग, त्याची पहारा द्यायची ताकद हे सगळं पुन्हा मैदानात उतरतं. त्यामुळे ‘माद्या वासावरून नर निवडतात’ हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिणार नाही. ‘माद्या वासावरून जागा निवडतात आणि त्यामुळे त्या जागेतल्या नराची संधी वाढते’ हे मला पुराव्याला धरून वाटतं. फरक लहान दिसतो, पण उत्क्रांतीचा हिशोब पिल्लांमध्ये होतो, म्हणून तो धरून ठेवायला हवा.

दुसरी गोष्ट खुणेच्या टिकण्याची. अमेरिकेतल्या वाळवंटी इग्वानांवर ॲलिसन अल्बर्ट्स यांनी केलेलं काम यासोबत वाचावं. रखरखत्या वाळवंटात वास टिकणं कठीण. तिथल्या इग्वानांच्या मांडीतला स्राव हवेत उडत नाही, तापमान सोसतो आणि अतिनील प्रकाश शोषून घेतो. इग्वानांच्या डोळ्यांना अतिनील दिसतं, त्यामुळे खूण लांबून नजरेने हेरायची आणि जवळ जाऊन जिभेने तपासायची अशी सोय झाली असावी, असं त्यांनी 1989 मध्ये मांडलं. ग्वादारामाच्या सरड्याच्या कुळाची व्यापक पाहणी सायमन बेकन्स आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये केली, 64 जाती घेऊन. कोरड्या आणि उष्ण जागी राहणाऱ्या जातींच्या स्रावात जड आणि स्थिर घटक जास्त, ओलसर जागी राहणाऱ्यांमध्ये हलके घटक जास्त. म्हणजे प्रत्येक जातीची खूण तिच्या हवामानाला बेतून घडलेली आहे.

मग हवामानच बदललं तर? 2013 मध्ये मार्तीन आणि लोपेस यांनी हेच पाहिलं. नरांच्या गंधखुणा नेहमीपेक्षा जास्त तापमानात ठेवल्या आणि मग त्या सरड्यांपुढे धरल्या. उष्णतेत राहिलेल्या खुणांचा प्रभाव ओसरला होता, जिभेचा प्रतिसाद कमी पडला. हा सरडा थंड माथ्यांवर अडकलेला आहे, धोक्यात आलेल्या जातींमध्ये त्याची नोंद आहे, आणि त्याच्या डोंगरावर स्कीच्या उतारांसाठी झाडोरा आणि खडक हटवलेले आहेत. अशा उतारांच्या आसपासच्या सरड्यांची अंगकाठी खालावलेली असते हे 2007 च्या एका अभ्यासात दिसलं. संवर्धनाच्या चर्चेत आपण अन्न, निवारा आणि शिकारी मोजतो. एकमेकांपर्यंत निरोप पोचतो की नाही हे सहसा मोजत नाही, आणि इथे ते मोजता येतं.

उन्हाने खूण लवकर उतरू लागली तर नराला तोच दगड पुन्हा पुन्हा घासावा लागेल. त्यासाठी स्राव जास्त लागणार, पेशी जास्त लागणार, आणि अर्गोस्टेरॉल तर अन्नातूनच यायचं. स्कीच्या उताराजवळचा, आधीच चरबी कमी असलेला नर हा वाढीव खर्च कुठून भागवणार? त्याचा स्राव विरळ होत जातो का, की तो खुणा करणंच कमी करतो, हे पाहायला नवं यंत्र लागत नाही. उताराजवळच्या आणि उतारापासून दूरच्या नरांकडून मे महिन्यात एकदा आणि जूनच्या अखेरीस एकदा, त्याच काचेच्या कुप्यांमध्ये स्राव घ्यायचा आणि दोन्ही स्टेरॉइड आणि ओलेइक आम्ल यांचं प्रमाण शेजारी शेजारी मांडायचं.